पंडिता रमाबाई व त्यांचें जीवितकार्य

दर वर्षीं परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या तोंडीं एकच विषय ऐकूं येतो : शाळा सुटल्यावर पुढें काय करावयाचें? कोणी डॉक्टर होऊं म्हणतो, कोणी शिक्षक, कोणी सरकारी नोकर. घरीं आईबापांच्या मनांतही तोच विचार घोळत असतो. हा विचार योग्यच आहे. परंतु धंदा निवडणें ही एक गोष्ट, आणि हें आयुष्य देवानें आपणांस कशासाठीं दिलें आहे हें ओळखणें ही दुसरी गोष्ट होय. पहिलीचा निकाल एका दिवसांत लागूं शकतो. दुसरीस पुष्कळदां अर्धें आयुष्य लागतें, आणि मधला काळ केवळ भटकण्यांत व दुःखांत गेला असेंच वाटत राहतें. तो काळ खरोखर वायां जातो काय? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका चरित्रांत सांपडलें. तें पंडिता रमाबाई यांचें चरित्र होय. बाईंचें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. परंतु त्यांस आपलें जीवितकार्य कसें व किती उशिरां गवसलें, हें सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं. म्हणून तेवढाच धागा धरून हें चरित्र आम्ही सांगत आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ नांवाच्या स्थळीं झाला. हें स्थळ आजच्या कर्नाटक राज्यांत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित होते. तरुणपणीं पुण्यास अध्ययन करीत असतां आपले गुरुजी पेशव्यांच्या वाड्यांत एका राजस्त्रीस संस्कृत शिकवितात, ही गोष्ट त्यांच्या कानीं आली. आणि स्त्रीसही विद्या येऊं शकते हें त्यांच्या मनांत कायमचें ठसलें. पुढें आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनीं संस्कृत शिकविण्यास आरंभ केला, तेव्हां जातींत मोठा गवगवा झाला. शास्त्रीबोवांस पंडितांच्या सभेपुढें आपल्या कृत्याचें समर्थन करावें लागलें. तरी त्यांनीं आपला निश्चय सोडिला नाहीं. ते सहकुटुंब रानांत राहावयास गेले व तेथें त्यांनीं आपली पाठशाळा चालविली.

परंतु आल्यागेल्याचें आतिथ्य करतां करतां कर्ज झालें, व रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतां तें घर सोडून सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटींत ठेवून हमालाच्या डोक्यावरून नेलें, असें सांगतात. ह्याप्रमाणें ज्या मुलीस पुढें सहस्रावधि अनाथ स्त्रियांचें घर व्हावयाचें होतें, तिला स्वतःला बाळपणीं घर असें नव्हतेंच. देवळाच्या ओवऱ्या, नदीचे घाट व धर्मशाळा ह्याच तिच्या शाळा. वडील वृद्ध झाल्यामुळें शिकविण्याचें काम आईकडे आलें. दिवसभर घरकाम असल्यानें ती माउली पहांटे मुलीस हळूच उठवी, आणि उजाडेपर्यंत तिच्याकडून संस्कृत श्लोक घोकवून घेई. वडिलांनीं तिचें लग्न लहानपणीं केलें नाहीं. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा कटु अनुभव त्यांच्या पदरीं होता. त्या काळीं ह्या दोन्ही गोष्टी लोकविलक्षण होत्या.

पुढें मद्रास इलाख्यांत घोर दुष्काळ पडला. पुराण सांगून मिळणारी दक्षिणा बंद झाली. मोलमजुरी करण्याची संवय कोणास नव्हती, आणि भीक मागण्याची लाज वाटे. होतें नव्हतें तें विकून झाल्यावर पाणी व रानांतील पाला ह्यांवर दिवस काढण्याची पाळी आली. थोड्याच महिन्यांच्या अवधींत वडील, आई व थोरली बहीण हीं तिघेंही भुकेनें गेलीं. आईच्या वेळीं तर तिरडीस चौथा खांदेकरी मिळेना. तेव्हां रमाबाईंनीं स्वतः ती जागा घेतली, आणि उंची कमी पडल्यामुळें तो भार डोक्यावर वाहिला. ज्यांनीं आयुष्यभर व्रतें, उपवास व तीर्थस्नानें निष्ठेनें केलीं, त्यांचा अंत असा कां व्हावा, हा प्रश्न त्या मुलीच्या मनांत रुतून बसला. तिची जुनी श्रद्धा डळमळली. परंतु तिच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण श्रद्धा गेली म्हणजे सत्य सांपडलें, असें पुष्कळांस वाटतें. रमाबाईंस तसें वाटलें नाहीं.

मागें राहिलेलीं दोघें बहीणभाऊ, रमाबाई व श्रीनिवासशास्त्री, पायींच हिंडत राहिलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं एकदां हिवाळ्याच्या रात्रीं अंगावर पांघरूण नव्हतें. तेव्हां त्यांनीं वाळूंत दोन खाचरें खणलीं, आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन रात्र काढली. हजारों मैलांची ही पायपीट १८७८ सालीं कलकत्त्यास संपली. तेथील पंडितांनीं त्यांची परीक्षा घेतली, व त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या. वीस वर्षांच्या मुलीस ह्याहून मोठा मान तो कोणता? सभांतून व्याख्यानें होऊं लागलीं, वर्तमानपत्रांत नांव गाजूं लागलें. मनुष्यास आपलें कार्य सांपडलें असें वाटावें, अशीच ही वेळ होती. परंतु कीर्ति म्हणजे जीवितकार्य नव्हे. स्त्रियांच्या धर्माविषयीं व्याख्यानें देतां यावीं म्हणून त्यांनीं धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचावयास घेतले, आणि जों जों त्या वाचीत गेल्या तों तों स्त्रियांस व शूद्रांस स्वतःच्या अधिकारानें मोक्षाचा मार्ग कोठेंच खुला दिसेना. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनीं वेदांची एक प्रत त्यांच्या हातीं देऊन ती वाचण्याचा आग्रह केला; पण मनाचा असमाधानीपणा गेला नाहीं.

१८८० सालीं डाक्का येथें भावाचें निधन झालें. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. त्यामुळें दोघांसही आप्तांनीं दूर लोटलें. आसामांतील सिलचर येथें त्यांचा संसार सुखाचा चालला होता. तेथेंच घरांतील पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं लागली, व त्यांनीं ती आवडीनें वाचली. पतीस मात्र तें रुचलें नाहीं. १८८१ च्या एप्रिलांत कन्या मनोरमा हिचा जन्म झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीच्या विकारानें पतीचा अंत झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षीं रमाबाई विधवा झाल्या. आई, बाप, बहीण, भाऊ, पति — पाठीमागें उभें राहणारें एकही माणूस उरलें नाहीं. पदरीं दहा महिन्यांचें लेकरूं तेवढें होतें.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर प्रभृति सुधारक मंडळींनीं त्यांचें स्वागत केलें. त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं शिक्षिका व स्त्रीडॉक्टर तयार करण्याची निकड मांडिली. आपणच वैद्यकी शिकावी ह्या हेतूनें १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या. परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. आमच्या तरुण वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या हेतूनें सातासमुद्रांपलीकडे गेलों, तोच हेतु पहिल्या पावलास मोडला, तर आपणांपैकीं किती जण धीर धरतील?

वाँटेज गांवीं इंग्लंडच्या चर्चच्या भगिनींचा एक आश्रम होता. रमाबाई तेथें राहत होत्या. ह्या भगिनींनीं त्यांस लंडनजवळील फुलहॅम येथील आपलें काम पाहण्यास नेलें. समाजानें पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रिया तेथें मायेनें सांभाळल्या जात होत्या, आणि त्यांपैकीं कित्येक सुधारून आतां दुसऱ्यांची सेवा करीत होत्या. हें दृश्य रमाबाईंस अगदीं नवें होतें. अशा स्त्रियांविषयीं कोणास कळवळा कां यावा, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर आलेल्या त्या बहिष्कृत बाईशीं येशू ख्रिस्त किती आदरानें बोलला, आणि तिला त्यानें तुच्छ कसें मानिलें नाहीं, हें ऐकतांना रमाबाईंच्या मनांतील कित्येक वर्षांची गांठ सुटली. भुकेनें मेलेल्या आईबापांजवळ उभें राहून पडलेला प्रश्न, आणि धर्मशास्त्रें चाळतांना पडलेला प्रश्न, ह्या दोहोंचें उत्तर तेथें त्यांस दिसूं लागलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला.

तथापि येथेंच सर्व कांहीं संपलें, असें समजणें चुकीचें होईल. रमाबाईंनीं आपली बुद्धि कोणाकडे गहाण टाकिली नाहीं. ख्रिस्ती सिद्धांतांविषयीं भगिनींशीं त्यांचे पुष्कळ वाद झाले. पटलें नाहीं तें त्यांनीं पटलें असें म्हटलें नाहीं. आपला शाकाहारही त्यांनीं सोडिला नाहीं. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत त्यांनीं अध्ययन केलें व संस्कृत शिकविलें. १८८६ सालीं त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी ह्या फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. तो पदवीदान समारंभ पाहण्यास रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथें राहिल्या. तेथें त्यांनीं बालशिक्षणाची फ्रेबेल यांची पद्धति अभ्यासिली, आणि उच्चवर्णीय हिंदु स्त्रीची स्थिति वर्णन करणारें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध केलें. बोस्टन शहरीं त्यांच्या कार्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली, व तिनें दहा वर्षें मदत देण्याचें पत्करलें.

स्वदेशीं परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ त्यांनीं विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. आरंभींच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. हिचाच पुढें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि कर्वे यांनीं पुण्याजवळ हिंगणें येथें विधवांच्या शिक्षणाचें जें थोर कार्य उभारलें, त्यांत ह्या बाईंचाही हात होता. १८९० सालीं शारदा सदन पुण्यास आलें. त्याचा नियम असा होता कीं, तेथें धर्म शिकवावयाचा नाहीं, प्रत्येक मुलीनें आपले आचार खुशाल पाळावे.

मात्र ह्याच सुमारास रमाबाईंच्या अंतर्यामीं एक मोठी घडामोड झाली. बाप्तिस्म्यास आठ वर्षें होत आलीं होतीं. तरी आपल्या मनास खरी शांति नाहीं, असें त्यांस जाणवूं लागलें. पुढें आपल्या आत्मवृत्तांत त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं, त्या काळपर्यंत ख्रिस्ती धर्म त्यांच्या हातीं लागला होता, परंतु ख्रिस्ताशीं स्वतःची ओळख झालेली नव्हती. १८९१ च्या सुमारास ती ओळख झाली. विद्वत्तेच्या बळावर नव्हे, सत्कृत्यांच्या बळावरही नव्हे, तर केवळ देवाच्या कृपेवर आपण उभ्या आहों, हें त्यांस कळलें. तेव्हांपासून त्यांच्या वागण्यांत एक नवाच निर्भयपणा दिसूं लागला.

ह्या निर्भयपणाची किंमत त्यांस लवकरच द्यावी लागली. त्या आपल्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत. कांहीं मुली आपखुषीनें तेथें येऊन बसत, व त्यांपैकीं कित्येकींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊं लागला. पुण्यांत वादळ उठलें. केसरीनें कडक टीका केली. १८९३ सालीं सल्लागार मंडळींतून रानडे, भांडारकर आदि मित्र बाहेर पडले, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या पालकांस केवळ दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मुलीस शिक्षण मिळावें म्हणून त्यांनीं समाजाचा रोष पत्करला होता, आणि आतां तिचा धर्मही जाईल अशी भीति त्यांस वाटली. ती भीति मायबापांची होती. उलट रमाबाईंचें म्हणणें असें कीं, मी कोणावर सक्ति करीत नाहीं, परंतु माझी प्रार्थना लपवून ठेवण्याचेंही वचन मीं दिलेलें नाहीं. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही फाटाफूट झाली, हें ह्या प्रकरणांतील खरें दुःख होय. ज्या शहरानें त्यांस डोक्यावर घेतलें होतें, तेथें त्या एकाकी पडल्या.

आणि मग १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. ती बातमी कानीं पडतांच, वीस वर्षांपूर्वींचें आपलें अन्नावांचून गेलेलें कुटुंब रमाबाईंच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. त्या स्वतः दुष्काळी मुलखांत गेल्या. निराधार मुली व बालविधवा भुकेनें कशा तडफडतात, आणि त्यांस फसवून नेणारे दुष्ट लोक कसे टपून बसलेले असतात, हें त्यांनीं पाहिलें. हातीं पैसा थोडा होता. बोस्टनच्या मंडळीची मदत ठराविक कामापुरती होती. तरी देवावर भार टाकून त्यांनीं सुमारें ३०० मुली व स्त्रिया आणिल्या. पुण्यांत प्लेगचे दिवस असल्यामुळें त्यांस तेथें ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हां पुण्याच्या पूर्वेस सुमारें ३४ मैलांवर केडगांव येथें जी जमीन घेतलेली होती, तेथें राहुट्या ठोकून ह्या मुलींस आसरा दिला. त्या उघड्या माळरानावर मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां आणखी शेंकडों जणी आल्या, आणि आश्रमांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

येथें कोणासही ऐतें बसवून खाऊं घातलें जात नसे. विहिरी खणल्या, बागा व शेतें पिकविलीं, गाईम्हशी पाळल्या. विणकाम, शिवणकाम, तेल काढणें, छापखान्यांत खिळे जुळविणें असे नाना उद्योग मुली शिकल्या. पतित स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. फुलहॅमचें तें दृश्य रमाबाई विसरल्या नव्हत्या. अंध मुलींसही वाचावयास शिकविण्याची सोय झाली, आणि त्या कामीं मनोरमाबाई आईचा उजवा हात बनल्या.

आतां वाचकांनीं मागें वळून पाहावें. ज्या भुकेनें रमाबाईंस पोरकें केलें, तिनेंच त्यांस भुकेल्या मुलींची हांक ऐकावयास शिकविलें. त्यांचें स्वतःचें वैधव्य विधवांच्या घराचा पाया झालें, आणि पायपिटीनें त्यांस हा देश व येथील बायकांचें जिणें दाखविलें. ह्यांतील एकही गोष्ट त्यांनीं होऊन मागितलेली नव्हती. ख्रिस्तावरील विश्वासानें त्यांस नवा भूतकाळ दिला नाहीं; जो होता त्याचाच अर्थ त्यानें उघड करून दाखविला. जीवितकार्य सांपडणें तें हेंच, असें आम्हांस वाटतें.

राहतां राहिली ती पहांटे आईपाशीं मिळविलेली संस्कृत विद्या. तिचा उपयोग काय झाला? रमाबाईंस असें दिसून आलें कीं, प्रचलित मराठी बायबलाची भाषा त्यांच्या खेडवळ, नुकत्याच अक्षरें ओळखूं लागलेल्या मुलींस कठीण पडते. तेव्हां अनेक व्याप संभाळून ह्या बाई इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचें साध्या मराठींत भाषांतर करण्यास त्यांनीं सुरुवात केली. ज्या बाईंस पंडितांच्या सभेंत संस्कृतांत बोलतां येत असे, त्यांनीं आयुष्याचीं शेवटलीं वर्षें सोपें कसें लिहावें ह्यांत घालविलीं. विद्येचा ह्याहून विनम्र उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. पण त्यांचें लक्ष त्या हस्तलिखितांकडे होतें.

१९२१ च्या जुलै महिन्यांत मनोरमाबाई वारल्या. ज्या लेकरास उराशीं धरून रमाबाईंनीं वैधव्याची वाट धरिली होती, आणि ज्या मुलीच्या हातीं आपलें कार्य सोंपवावयाचें होतें, तीच आधीं गेली. बाईंची प्रकृति खालावली होती. तरी भाषांतराचें काम त्यांनीं टाकिलें नाहीं. तें हातावेगळें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या देवाघरीं गेल्या. केडगांवचा आश्रम आजही चालू आहे.

तें बायबल पुढें १९२४ सालीं संपूर्ण छापून निघालें. केडगांवच्या छापखान्यांत त्याचे खिळे आश्रमांतील मुलींनींच जुळविले. एके काळीं जगास ज्यांचें ओझें झालें होतें, त्या निराधारांच्या घरांतील हातांनीं तें पुस्तक तयार झालें. मुलांनो, तुमच्यापैकीं एखाद्यास आज आपली वाट दिसत नसेल, किंवा घरच्या एखाद्या दुःखानें आपलें सर्व आयुष्य वायां गेलें असें वाटत असेल, तर त्यानें त्या खिळ्यांची आठवण करावी. जुळवितांना तीं अक्षरें उलटींच दिसतात, आणि नवख्यास त्यांतून कांहींच वाचतां येत नाहीं. कागद त्यांवर दाबला जाऊन वर निघाला म्हणजे मग ओळ सरळ दिसते. तोंवर आपल्या हातीं आलेला एकेक खिळा नीट बसविणें, एवढेंच आपलें काम होय.